दाताखालचं डांबर

“दाताखाली भुगा झाला. जाळलंय ह्याला. टँकर माघारी धाडा,” भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं. मी खिडकीतून पाहिलं. एक म्हातारा तोंडातला काळा गोळा थुंकत होता.

डांबर प्लांटच्या प्रयोगशाळेतला तो माझा पहिला दिवस. म्हातारा म्हणजे आमचे मुकादम, बबनकाका. डांबर पारखायला माझ्याकडे यंत्रं होती, काकांकडे दाढा. चांगलं डांबर चघळलं की लवतं, फार तापवलेलं तुटतं. माझी यंत्रं तासाभरानं तेच सांगायची. “मशीनला दात न्हाईत म्याडम, येळ लागनारच,” काका माझी समजूत घालायचे.

गळका पत्रा, फुटकी बादली, लिंबाच्या छाटलेल्या फांदीची जखम, काकांच्या लेखी सगळ्याला औषध एकच. एकदा माझ्या चपलेचा सुटलेला तळ त्यांनी न विचारता डांबरानं चिकटवला. दुपारी मी खुर्चीवरून उठले आणि चप्पल फरशीलाच राहिली. “बगा, पकड!” काका खूश. मी ‘थँक यू’ म्हणाले आणि अनवाणी घरी गेले.

मे महिन्यात पाथर्डीकडच्या त्यांच्याच गावाच्या रस्त्याचं काम निघालं. काकू डायलिसिसवर होत्या. आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं जीपनं नगरला जायचं. खड्ड्यांत हिसके बसू नयेत म्हणून काका वाटभर त्यांचं डोकं मांडीवर धरून बसायचे. हे मला जीपवाल्यानं सांगितलं. काका घरचं कधी बोलत नसत.

त्या रस्त्यासाठी टँकर आला. काकांनी गोळा बराच वेळ चघळला. मान खाली घालून म्हणाले, “झ्याक हाय. वता.”

आत माझ्या यंत्रात, पाण्याखाली, डांबराचा धागा ताणला जात होता. हातभर लांबायच्या आधीच तो तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तुटला.

प्लांटचे साहेब तपासणीचा कागद घेऊन आले. म्हणाले, टँकर परत गेला तर डांबर पसरायचं मशीन दुसऱ्या कामावर जाणार, मग पाऊस, आणि हा रस्ता थेट दिवाळीनंतर. मागोमाग काका दारात.

“काका, हा पहिल्या पावसात उखडेल,” मी पुटपुटले.

“ठावं हाय मला. पाऊस लागंस्तवर टिकला तरी बास. डाक्टरबी तिला तेवढंच दिस देत्यात.”

साहेबांनी पेन पुढे केलं. “बोला मॅडम, पास ना?”

त्या वाटेनं अख्खं गाव वर्षानुवर्षं जाणार होतं. मी काकांकडे पाहू शकले नाही.

“नापास, साहेब. टँकर परत पाठवा.”