साडेचारपर्यंत पाणी वर्ज्य

कागदाच्या चिठोऱ्यावर भरतीची वेळ लिहिली होती: सहा वाजून पाच मिनिटे. खाली दोन रेघा, त्याही पट्टीने मारलेल्या. बेलमिरोने सकाळपासून चार वेळा तो कागद खिशातून काढून पाहिला होता आणि चारही वेळा त्याला स्वतःचं अक्षर आवडलं होतं.

आर्मासाओच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये छत्री रोवायला जागा शोधणं म्हणजे मासळीच्या भरलेल्या डब्यात आणखी एक सार्डिन मासा बसवणं. पण त्या दिवशी पाण्याजवळचा वाळूचा अख्खा पट्टा मोकळा होता. बाकी सगळे वर, कड्याला पाठ लावून, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसले होते. एवढी जागा रिकामी का, हा प्रश्न कुणालाही पडला असता. बेलमिरोला पडला नाही. त्याच्याकडे कागद होता.

"तीनच्या आत पाणी इथे फिरकत नाही," त्याने बहिणीला ऐकवलं. "भरतीच्या तक्त्यात वेळा हिवाळ्याच्या असतात, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून तास मिळवावा लागतो. वरच्या मंडळींना एवढंही ठाऊक नाही. बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलीत मी."

फेलिस्मिना कोळ्याची विधवा होती. बर्फाचा आणि भरतीचा संबंध काय, असं तिला विचारावंसं वाटलं, पण भात निवत होता. तिने कलिंगड ओल्या वाळूत गार व्हायला पुरलं, वर्तमानपत्रात आणि शालीत गुंडाळलेलं ऑक्टोपसच्या भाताचं पातेलं उघडलं आणि शेजारणीला हाक मारली.

शेजारीण म्हणजे दियोलिंदाबाई. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि गेले नऊ उन्हाळे यांच्या शेजारच्या छत्रीखाली. लग्नाचं विचारायचं हे बेलमिरोने पहिल्याच उन्हाळ्यात ठरवलं होतं. त्या वर्षी वारा फार होता. दुसऱ्या वर्षी त्यांची नणंद सोबत आली. तिसऱ्या वर्षी याची दाढ दुखत होती. पुढची कारणं त्याची त्यालाही आठवत नसत. यंदा मात्र बाईंच्या मुलीने फ्रान्सला कायमचं राहायला बोलावलं होतं आणि आज संध्याकाळी तिला फोनवर उत्तर द्यायचं होतं. म्हणून बेत पक्का होता: जेवण आटपायचं, बाईंना घेऊन समोरच्या मोठ्या खडकापर्यंत कोरड्या वाळूवरून चालत जायचं आणि तिथे, कुणाच्या कानावर पडणार नाही अशा ठिकाणी, विचारायचं.

जेवण बरोबर दीडला संपलं. बेलमिरोने घड्याळ पाहून ठेवलं, कारण जेवल्यावर तीन तास पाण्याला पाय लावायचा नाही, हा त्या किनाऱ्याचा नियम होता. त्याच्या आईचा मामा जेवून पाण्यात उतरला होता आणि गेला. तो चौदा वर्षांनी न्यूमोनियाने गेला हे खरं, पण त्या दिवशी जेवला होता हेही खरं.

खडकावर चढून दोघं बसले. बेलमिरोने हवेपासून सुरुवात केली. हवेवरून तो बर्फावर आला आणि बर्फावर बराच वेळ थांबला. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बेलमिरो, तुमचं कलिंगड चाललंय."

खरंच चाललं होतं. लाटांवर डुलत, कुणाला भेटायला निघाल्यासारखं. त्याच्यामागे रिकामं पातेलं, त्यामागे छत्री. किनाऱ्यावर फेलिस्मिना खुर्ची डोक्यावर घेऊन उभी होती. खडक आणि ती यांच्यामध्ये आता वाळू नव्हती.

"अरे, तास तू मिळवलास?" ती ओरडली.

"मग कोण मिळवणार?"

"मी! फ्रिजवरच्या ज्या कागदावरून तू वेळ उतरवलीस, त्यात मिळवूनच ठेवला होता!"

जीवरक्षकाने शिट्टी मारली आणि हाताने खूण केली की गुडघाभरच आहे, या चालत. बेलमिरोने उत्तरादाखल मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "साडेचारला येतो," तो म्हणाला.

यावर कुणी हसलं नाही. उलट निम्म्या किनाऱ्याने माना डोलावल्या. माणूस जेवलेला आहे, त्याचं बरोबर आहे. गोड वडे विकणाऱ्याने पेटी खाली ठेवली. एका आजीबाईंनी काय जेवलाय याची चौकशी केली आणि ऑक्टोपस म्हटल्यावर निकाल दिला की मग तीन नाही, चार तास.

दियोलिंदाबाईंनी खडकावरची ओली रेघ पाहिली, थोडं थांबून पुन्हा पाहिली.

"आत्ता गुडघाभर आहे," त्या म्हणाल्या. "साडेचारला तुमच्या डोक्यावरून जाईल. जितकं थांबाल तितकं खोल. तुम्हाला मला काही सांगायचं होतं ना?"

"होतं."

"मग?"

बेलमिरोने घड्याळाकडे पाहिलं. "साडेचारला सांगितलं तर चालेल?"

बाईंनी त्याच्याकडे वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यावर पाहत तसं पाहिलं. मग सपाता हातात घेतल्या, झगा गुडघ्याच्या वर खोचला आणि पाण्यात उतरल्या. किनाऱ्यावरून हाय हाय असा सूर उठला.

"कुठे निघालात?"

"मुलीला फोन करायला," मागे न बघता त्या म्हणाल्या. "ती उत्तराला संध्याकाळपर्यंत थांबलीय. तिला तरी कशाला ताटकळवू?"

दोन पंचवीस झाले होते. म्हणजे जेवून पंचावन्न मिनिटं. बेलमिरोने आईच्या मामाचं स्मरण केलं, डोळे मिटले आणि बुटांसकट उडी टाकली.

"एक तासही झाला नाही रे!" फेलिस्मिनाने खुर्ची टाकून दिली. आजीबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. पाण्यातून तो धडपडत, हेलपाटत, एकदा आडव्या आलेल्या कलिंगडाला मिठी मारून पुढे निघाला. खिशातल्या चिठोऱ्यावरची शाई विरघळून शर्टावर निळा डाग उमटला. दियोलिंदाबाई वळल्या. त्यांनी आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि थांबल्या.

पोटात काहीच झालं नव्हतं. जीवरक्षकाची शिट्टी तोंडातच राहिली होती आणि सगळा किनारा इतका गप्प होता की, कुणाच्या कानावर पडू नये म्हणून नऊ वर्षं राखून ठेवलेलं वाक्य शेवटच्या छत्रीपर्यंत ऐकू गेलं. नऊ वर्षांत त्याने पहिल्यांदाच त्यांना 'अहो' म्हटलं नाही.

"दियोलिंदा, तू फ्रान्सला जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर. आणि काय ते आत्ताच सांग, साडेचारची वाट बघू नकोस."