चूलबंद आवतण

ऋषिकेशच्या आयुष्यात अजून काहीच घडलेलं नाही, असं पुण्याच्या क्लासवाल्या मॅडमनी फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून ते साऱ्या घरानं ऐकलं.

मॅनेजमेंटच्या मोठ्या कॉलेजातून पोराला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर. तिथं म्हणे पुस्तकातलं विचारत नाहीत, माणूस तपासतात. दहाजणांना कामाला कधी लावलंस, कधी तोंडावर आपटलास, न ऐकणाऱ्याला कसं वळवलंस, असे प्रसंग सांगायचे. ऋषिकेशनं डोकं खाजवून खाजवून एकच काढला होता. लहानपणी तो शेलूबाजारच्या बाजारात हरवला होता.

"मग तू काय निर्णय घेतलास?" मॅडमनी विचारलं.

"आजी येईपर्यंत रडलो."

"ऋषिकेश, तुझ्या प्रत्येक प्रसंगात शेवटी आजीच येतात. मुलाखत तुझी आहे की त्यांची?"

चुलीपुढची आजी, म्हणजे सोजरबाई, ताडकन उठल्या. शाळेला चौथीच्या आतच रामराम ठोकलेल्या या बाईनं वावर, पोरींची लग्नं आणि नवरा हे सगळं एकहाती हाकलं होतं. नातवानं काय शिकावं ते त्यांनीच ठरवलं, शर्टाचा रंगसुद्धा. एवढं केल्यावर पोराला ठरवायला काही उरलं नसेल, तर तो काय त्यांचा दोष?

"काहून व बाई," त्या फोनवर ओणवल्या, "मी का नातवाले दाव्याले बांधून ठेवलं? रविवारी आमच्या वावरात मारोतीले नवसाचे रोडगे हायेत. सारं हाच पाह्यन. मी तोंड उघडलं तं सोजराचं नाव बदलून टाकजो!"

ओसरीवर नानाजी खुदकन हसले. नानाजी त्यांचे यजमान. घरात बोलायची वेळच येत नसल्यानं त्यांचा आवाज पाहुण्यांना नवा वाटायचा.

"रविवार लई दूर हाय," ते म्हणाले आणि परत गप्प झाले.

ऋषिकेश कामाला लागला. कामाला म्हणजे मोबाईलला. गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांच्या नावानं 'टीम रोडगे' असा ग्रुप निघाला. त्याची आई, म्हणजे सोजरबाईंची सून वैजयंती, भाजी विभागाची प्रमुख झाली, नानाजी जळण विभागाचे. नानाजींकडे साधा फोन होता, त्यामुळे आपल्याला बढती मिळाली हे त्यांना कळलंच नाही.

आवतण द्यायला रामधन निघाला. तो जुना जाणता गडी, दारातच थबकला. "दादा, कसं सांगू? घरामागं एक, का चूलबंद?"

घरामागं एक म्हणजे घरातला एकच माणूस जेवायला. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही. पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळे आपल्या पंगतीला. लोक लग्नातसुद्धा चूलबंद म्हणायला दहादा विचार करतात.

ऋषिकेशनं फोनमधून मान काढली नाही. "कोणालाच वगळायचं नाही, रामधनकाका. सगळ्यांना सामावून घ्यायचं. यालाच नेतृत्व म्हणतात."

अंगणात डाळ निवडणाऱ्या सोजरबाईंच्या जिभेवर शब्द आला. त्यांनी त्यावर सुपारी ठेवली.

"आत्याबाई, सांगा ना त्याले," वैजयंती काकुळतीला आली. "कणीक पुरन का?"

"कायले? आपटल्याचा प्रसंग पायजे ना त्या मॅडमले? आपटू दे चांगला."

आपटणार नातू असला तरी नाक आपलं फुटणार आहे, हे सोजरबाईंना रविवारी कळलं. गावातून वावराकडे माणसांची रांगच लागली. लेकरं आली, माहेराला आलेल्या लेकी आल्या, त्यांचे नवरे आले, एका घरी सोयरीक पाहायला आलेले पाहुणेही आले. रोडगे मात्र ऋषिकेशच्या यादीप्रमाणे घरामागं एकाच्या हिशोबानं गोवऱ्यांच्या आरात पडले होते.

"काय व सोजरकाकू," शेजारची विमलबाई पंगतीतूनच म्हणाली, "चूलबंद म्हनलं अन् तुमचीच चूल बंद दिसून राह्यली!"

पंगत खदखदली. ऋषिकेश घाम पुसत उभा राहिला. "मंडळी, शांत व्हा. आपण सगळ्यांचं मत घेऊ."

"मत पाच वर्षांतून घेतेत रे पोट्ट्या! आता भूक लागली!"

सोजरबाईंनी सुपारी थुंकली.

"विमल, लई दात काढून राह्यली ना? ऊठ! तुही चूल बंद हाय, म्हंजे तुह्या घरचं पीठ मोकळं हाय. आन ते! आन तुमी सोयरीकवाले, बसले काय जवायासारखे? गोवऱ्या रचा! रामधन, धरमसिंगच्या वावरातले वांगे तोड. त्याले मी सांगतो, तो इथंच बसला हाय!"

मग घरोघरची पिठं आली. बायांनी कणीक मळली, सोयरिकीच्या पाहुण्यांनी धुरात डोळे चोळले, आणि दिवस कलता कलता अख्खं गाव आपल्याच घरचं पीठ खाऊन सोजरबाईंच्या मोठ्या मनाचं कौतुक करत परतलं. ऋषिकेश तेवढा वेळ सुपानं जाळ फुंकत होता.

मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप मधल्या खोलीत मांडला. सोजरबाई दाराआड बसल्या. समोरचे सर भले दिसले. मराठीत बोललात तरी चालेल, म्हणाले.

"सर, गावजेवणाचं नेतृत्व माझ्याकडे होतं," ऋषिकेशनं सुरुवात केली. "अंदाज माझाच चुकला, भरपूर माणसं आली. मग मी स्थानिक साधनसामग्री उभी केली."

स्थानिक साधनसामग्री म्हणजे विमलचं पीठ असावं, असं सोजरबाईंनी ताडलं.

"अडचण कोणती आली?"

"टीममध्ये एक ज्येष्ठ सदस्या होत्या. अनुभवी, पण तापट. कोणाचं ऐकायच्याच नाहीत. मी त्यांना विश्वासात घेतलं, जबाबदारी दिली. महत्त्व दिलं की माणूस शांत होतो, सर."

सोजरबाई उठल्याच. वैजयंतीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "आत्याबाई, पाया पडतो. एक शब्द जरी गेला ना, पोराचं कॉलेज गेलं!"

जिनं आयुष्यात कोणाचा उणा शब्द ऐकून घेतला नाही, त्या बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की गुदमरल्याचं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"आणि आता त्या कशा वागतात?" सरांनी विचारलं.

"खूप बदलल्या, सर. आता मला विचारल्याशिवाय काहीच करत नाहीत."

"वा! छान हाताळलंत," सर म्हणाले.

लॅपटॉप मिटला. ऋषिकेश बाहेर आला आणि दाराआडची आजी बघून जागीच गारठला. "आजी... तू ऐकलं?"

सोजरबाईंनी तोंडातला पदर काढला, झटकला, खांद्यावर नीट घेतला.

"सारं खोटं बोल्ला. पन पापणी नाई हालली तुही. घेतेत तुले, काळजी नोको करू." मग हात जोडून त्या पुढं म्हणाल्या, "बरं सायेब, तुमाले इचारल्याबिगर मी काई करत नाई. आज भाजी कोनती टाकू?"

ऋषिकेशला जन्मात पहिल्यांदा आजीनं काही विचारलं होतं. त्यानं दोन्ही बाजूंनी नीट विचार केला.

"मेथी," तो म्हणाला.

"वांगे चिरून झाले," सोजरबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.