आखरी मले द्या

शेजारच्या क्वार्टरमधल्या शेंडेभाऊंनी एखादं काम सुरू केलेलं मी गेल्या दिवाळीपर्यंत पाहिलं नव्हतं. ते फक्त संपवायचे. आमचे हे स्कूटरला किका मारून घामाघूम झाले, की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "साहेब, आखरी मले द्या!" भाऊ एकच किक मारायचे आणि स्कूटर सुरू व्हायची. हे म्हणायचे, "माझ्या किकांनीच ती तयार झाली होती." भाऊ म्हणायचे, "तेच तर!"

लग्नातही तेच. वाढपी दमले की भाऊ कुणाच्या तरी हातातली वरणाची बादली घेणार आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढणार. वर ऐकवणार, "सुरू कोनीबी करते जी. संपवाले मानूस लागते."

या रोगाचं मूळ बेसबॉलमध्ये आहे. दचकू नका. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, जवाहरनगरच्या मैदानावर एकेकाळी बेसबॉल रंगायचा आणि भाऊ राखीव पिचर होते. म्हणजे चेंडू फेकणारा पहिला गडी थकला की मैदानात उतरायचं आणि उरलेला सामना निभावून न्यायचा. घराणं अड्याळकडचं, तलावात मासे धरणारं. लहानपणापासून जाळं फेकून मनगट तयार झालेलं. नोकरीला लागले त्या वर्षीच्या हंगामात भाऊ उतरले आणि सामना गेला, असं एकदाही झालं नाही. निदान भाऊ तरी असं सांगतात, आणि खोडून काढणारा अजून कुणी भेटलेला नाही.

शेवटच्या सामन्याला त्यांची आई आली होती. समोरच्या गड्यानं चेंडू टोलवला, बेसबॉलच्या रीतीप्रमाणे बॅट तिथंच टाकली आणि धूम ठोकली. "एवढी चांगली बॅट फेकून हा काहून पळून राहिला?" म्हणत म्हातारी ती उचलायला मैदानात निघाली. तिला आवरता आवरता दोन्ही संघांची पुरेवाट झाली.

त्याच सामन्यात पहिला पिचर गजानन थकून चुकायला लागला, पण जागा सोडेना. भाऊ त्याच्यापुढे तळहात पसरून नुसते उभे राहिले. "बॉल मांगाचा नाही वहिनी," भाऊ मला समजावतात, "आन् थकलेल्या मानसाले तू थकला असं म्हनाचं तर नाहीच. हात पुढं करून उभं राहाचं. तो आपल्या हातानं बॉल देते." गजाननने दिला. सामना जिंकला. पुढच्या वर्षी भाऊंचा खांदा गेला, पण त्याची खंत नाही. "एकच हंगाम खेललो, पन पुरा खेललो!"

दिवाळीनंतर भाऊंच्या बायकोला, कुसुमताईंना अर्धांगवायू झाला. भाऊंनी कारखान्यातून रजा घेतली. आंघोळ, वेणीफणी, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकट्यानं. जन्मात पहिल्यांदा भाऊंनी एखादं काम सुरुवातीपासून हाती घेतलं होतं आणि ते आता कुणाला द्यायला तयार नव्हते. मी रोज विचारायची, "बसू का मी थोडा वेळ?" उत्तर ठरलेलं, "नाई वहिनी, जमून राहिलं." दाढी वाढली, गाल बसले. एकदा कुसुमताईच अडखळत मला म्हणाल्या, "हे पडतीन आता. तुमी पाहा जी काही."

काल सकाळी गेले तेव्हा भाऊ पेज भरवत होते. दर चमच्याला पेज ताईंच्या हनुवटीवर सांडत होती. भाऊ पुसायचे, पुन्हा भरवायचे. मी या खेपेला काही विचारलं नाही. त्यांच्यापुढे तळहात पसरून उभी राहिले.

भाऊंनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात मागे घेतला नाही. कुसुमताईंच्या ओठांचा धड राहिलेला कोपरा हलला. त्या हसत होत्या.

"तिले गरम चालत नाही, फुकून देजा," भाऊ म्हणाले, आणि चमच्यासकट वाटी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पहिला चमचा माझ्याच हातून सांडला.

पेज संपवून बाहेर आले, तर भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून गाढ झोपले होते. उजवा तळहात मांडीवर तसाच उघडा पडला होता.