मापाडी मन्मथअप्पा, तज्ज्ञ

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवा पेशंट आला की मन्मथअप्पा आधी त्याचं मनगट धरतात. नाडी बघायला नाही. अंगठा आणि बोट यांच्यात कातडी चोळतात, डोळ्याची खालची पापणी ओढून आत डोकावतात आणि पोत्यातला सोयाबीन बघून बोलावं तसं बोलतात, “सतरा. माल वल्ला हाय.”

सतरा म्हणजे सतरा टक्के मॉइश्चर. अप्पा लातूरच्या आडत बाजारात बावीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, दाणा दाताखाली चावायचा आणि ओलावा सांगायचा, हा त्यांचा धंदा. यंत्र नंतर आलं. अप्पांच्या मते यंत्रसुद्धा त्यांना विचारूनच आकडा दाखवायचं.

आमच्या डॉक्टरांकडे याच कामासाठी चार पानांची प्रश्नावली आहे. ती भरायला पाऊण तास लागतो आणि पेशंट तिच्यात साफ खोटं बोलतो. अप्पांना अर्धं मिनिट लागतं. मागच्या महिन्यात एकजण म्हणाला, “मी रोज घेत नाही हो, फक्त सणासुदीला.”

अप्पांनी पापणी सोडली. “मंग तुमच्याकडं दिवाळी बाराही महिने दिसतीया.”

त्याची बायको शेजारीच बसली होती. “सहा महिन्यांत मी पहिल्यांदा हसले,” असं ती नंतर मला म्हणाली.

आता आमच्या केंद्राची थोडी ओळख करून देते, कारण असं केंद्र महाराष्ट्रात दुसरं असेल तर मला माहीत नाही. लातूरहून उदगीरला जाताना वस्ती संपली की उजव्या हाताला लागतं. पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. अध्यक्षसाहेबांचंच. लग्नं शहरातल्या लॉन्सवर जायला लागली तेव्हा त्यांना समाजसेवेची ओढ लागली. दारांवरच्या पाट्या मात्र त्यांनी बदलल्या नाहीत. त्यामुळे आमचे पेशंट ‘वरपक्ष’मध्ये झोपतात आणि मी ‘वधूपक्ष’मध्ये बसून त्यांच्या फायली लिहिते.

तज्ज्ञांची आमच्याकडे वाण नाही. मानसोपचाराचे डॉक्टर नांदेडहून दर गुरुवारी येतात. त्यांच्या पदव्या पाटीवर मावत नाहीत आणि त्यांचा वेळ गुरुवारात मावत नाही. योगशिक्षक आधी विमा एजंट होते. पेशंटना शवासनात झोपवून ते इतक्या हळू आवाजात मृत्यूबद्दल बोलतात, की उठल्यावर दोघंतिघं पॉलिसीची चौकशी करतात. आणि मी. समाजकार्याची पदवी नांदेडची, प्रबंधाचा विषय ‘ग्रामीण भागातील मद्यपान’, आणि या क्षेत्रातला प्रत्यक्ष अनुभव म्हणजे लिंबू सरबत.

मन्मथअप्पा या यादीत नव्हते. ते इथं पेशंट म्हणूनच आले. तीनदा आले, तीनदा गेले, बाहेर पडल्या पडल्या रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर नापास झाले. चौथ्यांदा मुदत संपली तेव्हा त्यांना न्यायला कुणीच आलं नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले, “राहा इथंच, गेट बघा.” त्याला नऊ वर्षं झाली. गेट कमी आणि माणसंच जास्त बघायची सवय असल्यामुळे हळूहळू ते पेशंटांमध्ये बसायला लागले आणि पेशंट आमच्यात बसेनासे झाले.

त्यांची उपचारपद्धती एका वाक्याची आहे. “वला माल झाकून ठिवला की बुरा येतोय. पसरा.” घरचे लोक कुजबुजत सांगायला लागतात, गावात कळू देऊ नका, पाहुण्यांना आम्ही ‘तो पुण्याला गेलाय’ म्हणून सांगितलंय. अप्पा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतात. “पसरा. सगळं पसरा. ऊन लागू द्या.” मी हेच ‘कुटुंबाने स्वीकार करणे’ या नावाखाली प्रबंधात सदतीस पानं लिहिलं होतं. परीक्षकांना आवडलं होतं.

तर या फाल्गुनात वरून पत्र आलं. केंद्राची तपासणी होणार. सोबत एक तक्ता : ‘केंद्रातील तज्ज्ञांची व्यावसायिक पार्श्वभूमी’. नाव, शिक्षण, अनुभव, प्रमाणपत्रं. अध्यक्षसाहेबांनी तो माझ्यापुढे ठेवला. मी डॉक्टरांचं लिहिलं, त्याला पुरवणी जोडली. योगशिक्षकांचं लिहिलं, विमा गाळला. मग अप्पांना बोलावलं.

“अप्पा, शिक्षण?”

“सातवी. आठवीत बसलो होतो म्याडम, पण आठवी काय माझ्यात बसली न्हाई.”

“अनुभव?”

“प्यायचा का सोडायचा?”

“या क्षेत्रातला.”

“क्षेत्र तर येकच हाय की.” त्यांनी बोटांवर हिशोब केला. “प्यायची अठरा वरीस. सोडायची नऊ. पयल्या तीन बारीला सोडलती ती धरू नका. ती ट्रायल होती.”

“प्रमाणपत्र?”

अप्पांनी शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सलाइनच्या सुईचे डाग होते. “सरकारी दवाखान्यातलं हाय. सही-शिक्क्याचं.”

मी जसंच्या तसं लिहिणार होते. पण अध्यक्षसाहेबांनी तक्ता ओढून घेतला. “मॅडम, हे वर जाणाराय. अप्पांना सुरक्षारक्षक लिहा. आणि त्या दिवशी त्यांना बाहेर काढू नका.”

मला राग आला. अप्पांना आला नाही. “लिहा की,” ते म्हणाले. “फकस्त कुणापासून रक्षण ते लिहू नका. साहेबांचं नाव यायचं.”

तपासणीच्या दिवशी केंद्राला मंगल कार्यालयाचे जुने दिवस आठवले असावेत. अंगणात सडा, टेबलावर पांढरी चादर, फुलदाणी. अधिकारी आले, पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी डॉक्टरांच्या पदव्या वाचल्या, योगशिक्षकांचं आसन बघितलं आणि मला म्हणाले, “एक गटचर्चा घेऊन दाखवा.”

मी तक्ते लावले. ‘व्यसनाचे टप्पे’, बाणांसकट. दहा मिनिटांत अर्धे पेशंट पहिल्या टप्प्यावरच झोपले. तेवढ्यात शिरूर अनंतपाळचे एक गुरुजी हात वर करून उभे राहिले. गुरुजी प्यायचे तेव्हासुद्धा शिस्तीत प्यायचे, मधल्या सुट्टीत नाही, शाळा सुटल्यावरच.

“साहेब,” ते म्हणाले, “म्याडम चांगलं सांगायल्यात. पण आमचे खरे तज्ज्ञ आत कांदे चिरायलेत.”

अध्यक्षसाहेबांचा चेहरा चादरीच्या रंगाचा झाला. अधिकाऱ्यांनी अप्पांना बोलवायला सांगितलं. अप्पा डोळे पुसत आले, कांद्यामुळे.

“तुमची पार्श्वभूमी काय?”

“मापाडी, साहेब.”

गुरुजींनी मॉइश्चरचा प्रकार उत्साहाने समजावून सांगितला. अधिकारी पहिल्यांदा मोकळे हसले. हात पुढे करून म्हणाले, “मग आमचं बघा की किती भरतंय.”

अप्पांनी मनगट धरलं. कातडी चोळली. डोळ्यांत बघायला थोडे वाकले आणि तिथंच थांबले. मग अप्पांनी तो हात सावकाश, दोन्ही हातांनी, अधिकाऱ्यांच्या मांडीवर परत ठेवला.

“पाहुण्याला काट्यावर चढवायची रीत न्हाई आमच्याकडं,” ते म्हणाले.

सगळे हसले. अधिकारीही हसले, पण जरा उशिरा.

जाताना ते गाडीपर्यंत गेले, परत फिरले आणि अप्पांना बाजूला घेऊन गेले. दोघं कुंपणाजवळ वीस मिनिटं उभे होते. बोलत होते अधिकारी. अप्पा फक्त मान हलवत होते. अध्यक्षसाहेब माझ्याजवळ येऊन तीनदा म्हणाले, “गेली मान्यता.” काय बोलणं झालं ते मी विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, “पावसाचं इचारायलते.” फाल्गुनात.

मान्यता मिळाली. अहवालात शेरा होता, ‘केंद्राचे सुरक्षारक्षक विशेष अनुभवी आहेत.’ अध्यक्षसाहेबांनी तो फ्रेम करून लावला.

इथपर्यंत अप्पा मला कळले आहेत असं मला वाटत होतं. पदवी घेतलेल्या माणसाला असं लवकर वाटतं.

चैत्रातली गोष्ट. दुपारी एक रिक्षा थांबली. तिशीची एक बाई उतरली. तिच्या खांद्यावर रेललेला नवरा, पायात एकच चप्पल. देगलूरहून एसटीने लातूर स्टँडपर्यंत आले होते. मी दोघांना ऑफिसात बसवलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, “अप्पा, नवीन ॲडमिशन!”

अप्पा हात पुसत आले आणि दाराच्या चौकटीतच उभे राहिले. आत आले नाहीत. मला वाटलं उन्हाने चक्कर आली. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, किती वर्षांपासून. बाई नेमकी उत्तरं देत होती, पाठ केल्यासारखी. मग नेहमीचा प्रश्न आला.

“घरात आणखी कुणाला व्यसन?”

“सासऱ्याला होतं. वारले.”

“आणि माहेरी?”

तिचे डोळे दाराकडे गेले. मी मान वर केली.

“लिहा म्याडम,” दारातून अप्पा म्हणाले. “वडील. मन्मथ.”

मी पेन खाली ठेवलं.

“लिहा की,” ती म्हणाली. आवाज वडिलांसारखाच कोरडा. “आन हे बी लिहा, सोयरीक ह्यांनीच जमवली. सासऱ्यासंगं बसून, मधी बाटली ठिवून. आई म्हणली, पोराची चौकशी तरी करा. तर म्हणले, ‘चौकशी कशाला, म्या माणसं वळखतो.’ आईला शेवटी मीच नेलं देगलूरला. तिथंच गेली ती. ह्यांना निरोप दिला न्हाई मी.”

अप्पांनी एकही शब्द खोडला नाही. इतकी वर्षं मी इथं ऐकत आलेय, दारूने केलं, दोस्तांनी केलं, वेळच तशी होती. प्रत्येक पेशंटकडे ही वाक्यं असतात. अप्पांकडेही असणारच. त्यांनी ती काढली नाहीत. एवढंच म्हणाले, “खरं हाय सगळं.”

मग माझ्याकडे वळले. “म्याडम, ह्या पेशंटचं तुमी आन डॉक्टरांनी बघा. मी मत देणार न्हाई.”

मत दिलं नाही, पण पुढचे पाच दिवस ते जावयाच्या खाटेजवळून हलले नाहीत. त्याचे हात थरथरायचे तेव्हा हे पेजेची वाटी धरायचे. तो शिव्या द्यायचा, चांगल्या मराठी-तेलुगू मिश्र शिव्या, आणि अप्पा ओठांवरून ओघळलेली पेज पुसायचे. त्याने अंथरूण खराब केलं तर मावशींना हाक मारायचे नाहीत, स्वतः धुवायचे. एकदा मी म्हटलं, “अप्पा, थोडं पडा, मी बसते.” तर म्हणाले, “तुमची पदवी हाय म्याडम. ह्याला पदवी लागत न्हाई.”

मुलगी, महादेवी तिचं नाव, लातुरात मावससासूकडे राहिली होती. रोज सकाळी यायची, लांबून खाटेकडे बघायची, वडील दिसले की बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. मी माझ्या शिक्षणाला स्मरून एकदा ‘क्षमा’ या विषयावर तिच्याशी बोलायला गेले. ती म्हणाली, “म्याडम, तुमचं लग्न झालंय का?” मी परत येऊन फायली लिहिल्या.

सहाव्या दिवशी नवरा शुद्धीत बोलला. घरी लेकरं होती, तिला परतणं भाग होतं. देगलूरची एसटी आमच्या दारावरून जाते, हात केला तर थांबते. मी तिला सोडायला रस्त्यावर गेले. थोड्या अंतरावर अप्पा येऊन उभे राहिले, तिची पिशवी हातात घेऊन. पिशवी त्यांच्याकडे कशी आली ते मला कळलं नाही. तिने दिली असेल, किंवा नुसती घेऊ दिली असेल.

गाडी आली. तिने पिशवी घेतली, चढली, खिडकीशी बसली. मग खिडकीतून, रस्त्याकडे बघत, म्हणाली, “रयवारी भेटायचा दिवस हाय म्हणं. येते मी. तुमाला काय आणू करून?”

कंडक्टरने घंटी दिली. अप्पा माझ्याकडे वळले, आणि हा माणूस, ज्याच्या तोंडी प्रत्येकाला उत्तर तयार असतं, मला हळूच म्हणाला, “म्याडम, मला काय आवडतं ते आठवंना.”

गाडी हलली. मी खिडकीबरोबर दहा पावलं पळाले आणि ओरडले, “काहीही आण! तुझ्या हातचं काहीही!”