गणितज्ञाची दाढी

मुलांना थोर गणितज्ञांची चरित्रं कळावीत, असा आदेश वरून आला आणि शाळेने तो तातडीने अमलात आणला. त्यासाठी वेळ हवा होता, म्हणून गणिताचे तास रद्द करण्यात आले.

चरित्रं आधी संस्कार समितीने तपासली. एक गणितज्ञ परीक्षेत नापास झाला होता, ते वगळलं. दुसरा गणितात बुडाला की जेवायला हाक मारली तरी उठत नसे. पालक तक्रार करतील म्हणून तेही गेलं. तिसरा गुरुजींशी वाद घालायचा. तो अख्खाच काढला. उरलेले सगळे पहाटे उठायचे, दूध प्यायचे आणि मोठ्यांचं ऐकायचे. यात गणित कुठेच नाही, असं गणिताच्या मास्तरांनी दबकत सांगितलं. मुलं घाबरू नयेत म्हणून मुद्दामच तशी काळजी घेतल्याचं समितीने अभिमानाने कळवलं.

मग नाटुकलं ठरलं. पाचवीतल्या एका मुलीला थोर गणितज्ञ करण्यात आलं, कारण कापसाची दाढी तिलाच नीट बसली. पंचाईत एवढीच, की तास बंद होण्याआधी मास्तरांनी घातलेलं एक गणित तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. तालमीतही ती तळहातावर तेच सोडवायची. मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बोलावून समज दिली. आई घरी येऊन म्हणाली, "बाळा, गणितज्ञ झालीयेस ना? मग थोडे दिवस गणित राहू दे की."

कार्यक्रमाला सभागृह खच्चून भरलं. पडदा उघडल्यावर मुलीने फक्त "मुलांनो, गणितावर प्रेम करा" एवढंच म्हणायचं होतं. पण मागे शोभेला खराखुरा फळा होता आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे खडूही. ती वळली आणि लिहू लागली. दाढी कानापाशी लोंबकळत होती. मुख्याध्यापिका विंगेतून दात-ओठ खात "प्रेम कर, प्रेम कर" असं बजावत होत्या.

शेवटी ती म्हणाली, "सुटलं." मास्तर एकटेच उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांना खाली बसवण्यात आलं.

रीतसर चौकशी झाली. मुलीवर बेशिस्तीचा आणि मास्तरांवर चिथावणीचा ठपका आला. मुलगी मात्र उड्या मारत घरी गेली. एवढा आनंद तिला कधीच झाला नव्हता. फळा कुणी ठेवला, खडू कुठून आला, दाढी का निसटली, सगळं विचारून झालं. ते गणित कोणतं होतं, हे कुणीच विचारलं नाही.

रागावू नका वाचकहो, पण तुम्ही तरी कुठे विचारलंत?