डिरेक्टरीत नाव येईपर्यंत

शेजारच्या सुमनबाई दर तासाला टेलिफोनची नाडी बघायच्या. रिसीव्हर कानाला लावायचा, छातीवर पिन केलेल्या घड्याळाकडे बघायचं आणि आतून घूं ऐकू आलं की म्हणायचं, "जिवंत हाये गा!" सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर होऊन, क्वार्टर सोडून त्या लकडगंजात आमच्या शेजारी राहायला आल्या, पण ते घड्याळ काही उतरलं नव्हतं.

गल्लीतला पहिला फोन त्यांचा. मी सीताबर्डीला कापडाच्या दुकानात कामाला होतो. तिथून रोज दुपारी त्यांना फोन करायचा, असा हुकूम होता.

"हॅलो, मी..."

"वाजला! ठेव, ठेव. लाईन अडवून राहिला तू!"

फोन बंद.

मग त्यांच्या लक्षात आलं की डिरेक्टरीत आपलं नाव नाही. ती आधीच छापून झालेली. नवी कधी येणार, हे विचारायला बाई दर सोमवारी टेलिफोन ऑफिसात. तिथला कारकून वैतागला. "बाई, फोन चालू आहे ना तुमचा?"

"चालू हाये. पण मी हावो, हे कोणाले ठाव हाये?"

एकदा माझ्या दुकानात येऊन त्यांनी तिथल्या फोनवरून चौकशीला स्वतःचाच नंबर विचारला. रिसीव्हर ठेवला तेव्हा चेहरा पांढराफटक. "या नावाचं कोणी नाहीच म्हणते गा," म्हणाल्या आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. मी हसलो. त्यांचा हात धरून उठवलं तेव्हा तो बर्फासारखा गार लागला. पुढे मी हसलो नाही.

भीती वाढतच गेली. तारेवर कावळा बसला की भीती, पाऊस आला की भीती. काटोलला भाच्याच्या लग्नालाही गेल्या नाहीत. "तेवढ्यातच आला तं?"

"कोणाचा?"

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि घड्याळाकडे बघितलं.

वर्षभराने नवी डिरेक्टरी आली. ती त्यांनी माझ्या हातात कोंबली. "तू पाह्य. मले भेव लागून राहिलं."

नाव होतं.

"आडनाव बराबर हाये? पुसट तं नाही छापलं?" मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मीनाले क्वार्टरच ठाव हाये. मले धुंडाळलं, तं कुठं धुंडाळन ते?"

मीना त्यांची एकुलती एक मुलगी. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा 'या दारात पुन्हा पाय ठेवू नको' असं याच बाईंनी तिला सांगितलं होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहा पीत असताना फोन वाजला. सुमनबाई उठल्या आणि मागे सरकत भिंतीला टेकल्या.

"तू उचल गा. राँग नंबर असन, तं मले सांगू नको."

मी उचलला. पलीकडे बाईमाणसाचा आवाज, अडखळत. "आई... आई आहे का?"

मी रिसीव्हर पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. कानाला लावला आणि सवयीने छातीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, लाईन कटली.

मग हळूच म्हणाल्या, "जेवली का वं?"