निपाणीपर्यंत नेलेलं गुपित

वीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात बोललेल्या माणसाला हळू बोलायला सांगून पाहिलंय का हो तुम्ही कधी? नसेल पाहिलं तर बेळगावच्या वडगावात या आणि आमच्या भरमाला भेटा. हळू बोल म्हटलं की तो मान तेवढी खाली वाकवतो. आवाज आहे तेवढाच राहतो. (त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. घराच्या पुढच्या खोलीत सकाळपासून दोन माग चालू. तिथं कुजबुजणारा माणूस उपाशीच राहायचा, कारण "जेवायला वाढ" म्हटलेलं कुणाला ऐकूच जायचं नाही.)

आणि अशा नवऱ्याला बरोबर घेऊन अंजनीला एक गुपित पार पाडायचं होतं.

गुपित तसं साधं होतं. तिला तिसरं मूल नको होतं. थोरली रचना सात वर्षांची, धाकटा आदर्श चार वर्षांचा. दोन्ही वेळचे नऊ-नऊ महिने अंजनीने हातात बादली धरून काढले होते. सुताला लावलेल्या खळीचा वास आला, की पोटातलं सगळं बाहेर! आणि आता जूनपासून अनगोळच्या एका शाळेत तिला शिवणकामाची टीचर म्हणून घेणार होते. टीचर! घरापुढून जाताना पोरं तिला "नमस्ते टीचर" म्हणणार होती. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन कसं शिकवायचं, तुम्हीच सांगा.

अडचण होती ती सासूची. मालुबाईला गल्लीत कुणीही विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं. "अजून एक नातू होऊ दे की! घरात दोन माग हाईत, मग दोन नातू नकोत व्हय?"

म्हणजे जे काही करायचं ते चोरून. पण चोरून करायला जागा कुठाय? गल्लीत सरकारी आरोग्य खात्याची आशाताई आहे, ती सगळं फुकट आणून देते, पण ती म्हणजे भरमाची चुलतबहीण मंजुश्री. तिला सांगायचं म्हणजे देवळाच्या माईकवरून सांगायचं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी फाडायच्या खिडकीवर मालुबाईची भाची दिपाली. कॅम्पातल्या लेडी डॉक्टरची फी ऐकून भरमाने "आपण आजारी न्हाय, न्हवं?" असं विचारलं होतं. गोळ्या आणाव्या, तर मालुबाई दर अमावस्येला ट्रंक उपसून साफ करते.

शेवटी भरमानेच शौर्य दाखवलं. "औषधाच्या दुकानात मी जातो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंजनी मागावर त्याला चहा द्यायला गेली. मालुबाई भाजी आणायला बाहेर गेलेली. दोन्ही माग जोरात. भरमाला वाटलं, विचारून घ्यायला हीच वेळ बरी. त्याने मान वाकवली, नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि नेमका त्याच क्षणी गल्लीतला करंट गेला. चाळीस माग एका दमात गप्प झाले. त्या शांततेत फक्त भरमा चालू होता.

"निरोधची किती पाकिटं आणू गंऽऽ?"

समोरच्या कट्ट्यावर बसलेले म्हातारे भावकूअण्णा म्हणाले, "आण की रं चार. इचारतोस काय?"

त्यानंतर भरमा तीन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होता. औषधाच्या दुकानाकडे तर तो बघायलाही तयार नव्हता.

"आता एकच करायचं," अंजनीने ठरवलं. "आवाज बंद. नुसते ओठ हलवायचे."

यात मात्र भरमा एकदम हुशार निघाला. मागाच्या आवाजात या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराशी असाच बोलतो, नुसतं तोंड हलवून. अंजनी येळ्ळूरच्या शेतकऱ्याची लेक. तिकडं या शिवारातनं त्या शिवारात हाळी द्यायची पद्धत. तिला ओठ वाचायला शिकायला चार दिवस लागले.

"आत्तींना कळणार न्हाय न्हवं?" सासूकडे बघत तिने ओठांनीच विचारलं.

"आईला कुठलं?" भरमाचे ओठ हसले. "माग आम्ही बापय माणसांनी चालवला. आई कोपऱ्यात बसून नुसत्या सुताच्या कांड्या भरायची."

आणि खरंच, मालुबाई कोपऱ्यात बसून खाली मान घालून कांड्या भरत होती.

मग काय! तीन आठवडे दोघांनी मालुबाईसमोर बसून सगळा बेत केला. अंजनीने आदर्शच्या लसीच्या डोसाच्या वेळी दवाखान्याच्या भिंतीवरच्या कागदावर वाचलं होतं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात मोफत. ट्रंकेत ठेवायला नको, दुकानात मागायला नको. कुठं जायचं? सदलग्याला भरमाची मावशी, गुंजीला आत्तेभाऊ. निपाणीला कुणी नाही. निपाणी ठरली.

माणसाला सवय लागली की जीभ सुटते, तसे यांचे ओठ सुटले. भरमा म्हणायचा, "आईच्या आमटीत आज परत मीठ न्हाय." अंजनी म्हणायची, "आत्ती घोरायला लागल्या की घरात तिसरा माग बसवल्यागत वाटतंय." लग्नात अशी गंमत नव्हती आली दोघांना.

पोरांना सुट्टीत येळ्ळूरला आजोळी सोडलं आणि मंगळवारी सकाळी दोघं तयार झाली. "निपाणीला सुताच्या कामाला जातोय," भरमा म्हणाला.

मालुबाईने पिशवी उचलली. "मी बी येतो. तिथं गुडघ्याला तेल देणारा एकजण हाय म्हणं."

आता सासूला नको कसं म्हणायचं? दीड-दोन तास एसटीत अंजनी आणि भरमा मालुबाईच्या दोन बाजूंना बसून तिच्या डोक्यावरून ओठ हलवत होते. "हिला कुठं बसवायचं?" "स्टँडवर." "एकटी बसंल?" "केळी घेऊन देऊया." निपाणी आली तशी मालुबाई स्वतःच म्हणाली, "माझ्यानं काय चालवत न्हाय बाबा. मला केळी घेऊन द्या आणि स्टँडवर बसवा."

(देव पाठीशी आहे, असं अंजनीला वाटलं. तिने वाटेत एका देवळाला लांबूनच हातही जोडले.)

दवाखान्यात बायकांची ही रांग. भरमाला तोंड न उघडण्याची शपथ घालून अंजनीने दारात उभं केलं. अर्ध्या तासाने तिचा नंबर आला. टेबलामागच्या सिस्टरने वर न बघता विचारलं, "एन् बेकु? काय पाहिजे?"

अंजनीच्या मागं वीस बायका. वीसच्या वीस कान देऊन उभ्या. अंजनीने तोंड उघडलं आणि तीन आठवड्यांची सवय, आवाज काही आला नाही. नुसते ओठ हलले.

"घसा बसलाय काय? घशाचं सात नंबरला."

अंजनीने मान हलवली. जरा मोठं तोंड करून परत सांगितलं.

"दात? दाताचं वरच्या मजल्यावर. पुढच्या या."

पुढची बाई पुढं सरकलीसुद्धा. अंजनीला जून दिसला, शाळा दिसली आणि शाळेच्या दारात तिची ती बादली दिसली. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, तेवढ्यात मागून आवाज आला. वीस नाही, तीस वर्षं मागाजवळ काढलेला आवाज.

"ओ बाई! दात न्हाय आणि घसा बी न्हाय. तिला तीन महिन्याचं इंजेक्शन पायजे, पोर न हुयाचं. दोन पोरं हाईत, तिसरं नको म्हणत्यात. पाळी यिऊन आज चार दिवस झाल्यात. द्या बघू."

हातात अर्धं सोललेलं केळं घेऊन मालुबाई उभी होती.

दारात भरमाचं तोंड उघडंच राहिलं. (शपथ पाळून. आवाज नव्हता.)

"आत्ती, तुम्हाला... कसं..."

"कसं म्हंजे? तीस वर्षं कांड्या भरल्या त्या काय डोळं मिटून? तुझा सासरा मला या टोकाहून चहा मागायचा, ते काय वरडून? तीन आठवडे माझ्यासमोर बसून त्वांड हलवालायसा." मालुबाईने केळ्याचा घास घेतला. "आणि माझं घोरणं म्हंजे तिसरा माग काय गं?"

रांगेतल्या वीस बायका हसल्या. सिस्टरही हसली आणि तिने चिठ्ठी पुढं ओढली.

"मग तुम्ही नातू, नातू म्हणताय ते?"

"गल्लीनं इचारलं की कायतर सांगावं लागतंय. नातू पायजे म्हटलं की गप बसत्यात. नको म्हटलं असतं, तर का नको म्हणून बायका सांजपर्यंत उठल्या नसत्या."

"मग आधी बोलला का न्हाय?"

"मला कुणी इचारलं हुतं? आणि खरं सांगू, मजा याय लागली हुती. टीव्हीवर अलीकडं काय असतंय?"

सिस्टरने बीपी बघितलं, दहा प्रश्न विचारले (सहांची उत्तरं मालुबाईने दिली), पाळी थोडी मागंपुढं होईल, घाबरू नका म्हणून समजावलं आणि दंडात सुई टोचली. कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली. एक पैसा लागला नाही. अंजनी बाहेर आली ती ताठ मानेने. जूनमध्ये तिच्या एका हातात खडू असणार होता आणि दुसरा हात मोकळा. भरमाने आनंदाने मान वाकवून "झालं काय गं?" असं हळूच विचारलं, तेव्हा रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्याने दचकून किटली सांडली.

"आत्ती," परतीच्या एसटीत अंजनी म्हणाली, "गल्लीत एवढं कळू देऊ नका."

"शपथ. एक शब्द तोंडातनं काढायची न्हाय."

मालुबाई शब्दाची पक्की. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती कांड्या घेऊन दारात बसली. गल्लीतले माग जोरात चालू होते. अंजनी पाय धुऊन बाहेर आली तेव्हा मालुबाई ओठ हलवत होती. समोरच्या दारात मंजुश्री, पलीकडच्या खिडकीत सुवर्णा, कोपऱ्यावर आणखी तिघीचौघी. सगळ्यांच्या मांडीवर कांड्या, आणि सगळ्यांचे डोळे मालुबाईच्या तोंडाकडे. आवाज कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मालुबाई गल्लीतल्या चार सुनांना घेऊन निपाणीच्या एसटीत बसली. अंजनीची स्वतःची दोन मुलं येळ्ळूरला होती, आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायला म्हणून तिच्या घरात त्या चौघींची मिळून नऊ पोरं होती.